८७ मतांचा सिनेटर : टेक्सास १९४८ बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिममध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले आणि अमोल कीर्तिकर पडले, तेव्हापासून कुणी "इतक्या कमी मतांनी कधी कुणी निवडून आलंय का" असं विचारलं की मी टेक्सासची गोष्ट सांगायला लागतो (मुंबईचा मामला पूर्ण वेगळा आहे, त्याचा याच्याशी संबंध जोडू नका). गोष्ट संपली की ठरलेले प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

नक्की कुठल्या निवडणुकीबद्दल बोलतोय आपण?

अमेरिकेतलं टेक्सास राज्य, साल १९४८, सिनेटची एक सीट. लिंडन जॉन्सन विरुद्ध कोक स्टीव्हन्सन, दोघंही डेमोक्रॅटिक पक्षाचे, आणि मतदान पक्षाच्या प्रायमरीचं. हा जॉन्सन म्हणजे तोच जो पुढे केनेडींची हत्या झाल्यावर राष्ट्राध्यक्ष झाला. जवळपास दहा लाख मतं पडली आणि निकाल लागला ८७ मतांनी : जॉन्सन ४,९४,१९१, स्टीव्हन्सन ४,९४,१०४.

सिनेट म्हणजे आपली राज्यसभाच ना?

अर्धं बरोबर. मुदत सहा वर्षं, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश लोक बदलतात, इथपर्यंत आपल्या राज्यसभेसारखंच. पण तिकडे लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला दोनच सीटा, आपल्याकडे लोकसंख्येप्रमाणे कमीजास्त. शिवाय आपल्याकडे राज्यसभेला आमदार मतदान करतात, तिकडे १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीनंतर जनता थेट मतदान करते. त्याआधी तिकडेही राज्याचे आमदारच सिनेटर निवडायचे आणि घोडेबाजार काय चालायचा तो आपल्याला वेगळा सांगायला नको. म्हणजे टेक्सासमध्ये सिनेटला उभं राहायचं तर आख्ख्या राज्यात फिरायचं, २५४ काउंटी (काउंटी म्हणजे ढोबळ मानाने आपला तालुका किंवा छोटा जिल्हा समजा). महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं राज्य आहे ते.

तुम्ही म्हणता ही डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी होती. पक्षातल्या पक्षात तिकीट ठरवायच्या मतदानाला एवढं महत्त्व का?

कारण तेव्हा टेक्सासमध्ये दुसरा पक्ष नावालाच होता. रिपब्लिकन म्हणजे लिंकनचा पक्ष, यादवी युद्धातला शत्रू, त्यामुळे दक्षिणेत त्याला कोण विचारतो. डेमोक्रॅटिक तिकीट मिळालं की नोव्हेंबरची खरी निवडणूक म्हणजे निव्वळ उपचार. आणि प्रायमरीत पन्नास टक्क्यांच्या वर कुणी गेलं नाही तर पहिल्या दोघांत परत मतदान, त्याला रनऑफ म्हणतात. ८७ मतांची भानगड सगळी या रनऑफची आहे.

अजून एक गोष्ट इथेच सांगतो कारण पुढे लागेल. मतदान करायचं तर आधी पोल टॅक्स भरायचा, टेक्सासमध्ये १ डॉलर ७५ सेंट, तो पण ३१ जानेवारीच्या आत, म्हणजे उमेदवार कोण ते कळायच्याही आधी. शेतमजुराला तेव्हा ही रक्कम जड जायची. मग व्हायचं काय, की गावचा बडा माणूस गठ्ठ्याने लोकांचा टॅक्स भरायचा, पावत्या स्वतःकडे ठेवायचा, आणि मतदानाच्या दिवशी पावती हातात देऊन सांगायचा की शिक्का कुणावर. काळ्या लोकांना तर १९४४ पर्यंत या प्रायमरीत मत द्यायची परवानगीच नव्हती, सुप्रीम कोर्टाने स्मिथ विरुद्ध ऑलराइट खटल्यात ती बंदी मोडली तेव्हा कुठे दार उघडलं.

उमेदवार कसे होते?

एकदम दोन टोकं. कोक स्टीव्हन्सन साठीचा, १८८८ चा जन्म, गरीब घरातला, स्वतःच्या जिवावर वकिली शिकलेला, साउथ लानो नदीकाठी स्वतःचं रँच, १९४१ ते १९४७ टेक्सासचा गव्हर्नर (ढोबळ मानाने आपला मुख्यमंत्री समजा). तोंडात पाइप, बोलणं तोलूनमापून. पत्रकारांनी काही विचारलं की पाइप पेटवण्यातच पाच मिनिटं घालवायचा. लोक त्याला "मिस्टर टेक्सास" म्हणायचे. प्रचार कसा, तर जुन्या प्लिमथ गाडीतून भाचा गाडी चालवतोय आणि हा गावोगाव जाऊन कोर्टासमोरच्या चौकात लोकांशी हात मिळवतोय. विचारांनी कट्टर जुन्या वळणाचा, काळ्यांच्या हक्कांबाबत तर अजिबात चांगला नाही, हे विसरू नका, कारण या गोष्टीत तो हरला म्हणून आपोआप हीरो होतो लोकांच्या डोक्यात.

जॉन्सन तेव्हा चाळिशीला टेकलेला. १९३७ पासून खासदार, म्हणजे हाउसमध्ये (तिकडची लोकसभा समजा). रूझवेल्टच्या मर्जीतला, प्रचंड कष्टाळू, प्रचंड उतावळा, पाठीमागे ब्राउन अँड रूट या बांधकाम कंपनीच्या मालकांचा पैसा. आणि यावेळी हरला असता तर हाउसची सीट पण गेली होती, कारण दोन्हीकडे एकदम उभं राहता येत नव्हतं. खेळ खल्लास झाला असता.

आधी एकदा तो हरला होता म्हणे?

हो, आणि तिथेच सगळं मुरलंय. १९४१ ला सिनेटर मॉरिस शेपर्ड वारला, पोटनिवडणूक लागली, जॉन्सन उभा राहिला. समोर होता गव्हर्नर डब्ल्यू. ली "पॅपी" ओडॅनियल. हा पठ्ठ्या मूळचा पिठाचा सेल्समन, रेडिओवर बँड घेऊन पिठाची जाहिरात करता करता गव्हर्नर झाला (खरंच). मतदानाच्या रात्री जॉन्सन पुढे होता, पेपरवाल्यांनी जवळजवळ निवडून आल्याचंच छापलं. त्याच्या लोकांनी दक्षिण टेक्सासमधले आपले हक्काचे आकडे लगेच जाहीर करून टाकले. झालं, समोरच्यांना कळलं किती मतं कमी पडतायत, आणि पुढचे दोन-तीन दिवस पूर्व टेक्सासमधून बरोब्बर तेवढे "सुधारित" आकडे येत राहिले. १,३११ मतांनी जॉन्सन पडला. त्यातून तो एकच धडा शिकला, की आपला आकडा आधी सांगायचा नाही. १९४८ ला ओडॅनियल परत उभा राहिला नाही, तीच ही सीट.

हेलिकॉप्टरचं खरं का?

शंभर टक्के खरं. मे महिन्यात प्रचार सुरू होतोय तोच जॉन्सनला मूतखडा झाला, हालत इतकी बेकार की माघार घ्यायच्या गोष्टी चालल्या होत्या, मेयो क्लिनिकमध्ये जाऊन खडा काढला आणि परत आला तो हेलिकॉप्टर घेऊनच. १९४८ साली खेड्यापाड्यातल्या लोकांनी हेलिकॉप्टर बघितलेलंच नव्हतं. आधी मोठं सिकॉर्स्की, नंतर छोटं बेल. नाव ठेवलं "जॉन्सन सिटी विंडमिल". वरून लाउडस्पीकरवर गावातल्या लोकांची नावं घेऊन हाका मारायचा, मग खाली उतरायच्या आधी स्वतःची स्टेट्सन हॅट गर्दीत भिरकावायचा, लोक खूश. आता हॅट महागाची, रोज किती फेकणार, म्हणून खाली कार्यकर्त्यांना ड्युटीच होती की हॅट शोधून परत आणायची. मला या आख्ख्या प्रकरणात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे.

मग पहिल्या फेरीत काय झालं?

२४ जुलैला स्टीव्हन्सन ४,७७,०७७, जॉन्सन ४,०५,६१७, तिसरा जॉर्ज पेडी २,३७,१९५, बाकी किरकोळ. म्हणजे जॉन्सन ७१ हजारांनी मागे, आणि पेडीचे मतदार जुन्या विचारांचे, ते स्टीव्हन्सनकडेच जाणार असं सगळे धरून चाललेले.

७१ हजारांची पिछाडी पाच आठवड्यांत भरून काढली? सगळी बोगस?

नाही नाही, इथेच लोक गल्लत करतात. बरीचशी पिछाडी प्रचारानेच भरली. तेव्हा टाफ्ट-हार्टली नावाचा कामगार संघटनांना वेसण घालणारा कायदा आलेला, १९४७ चा. जॉन्सनने त्याच्या बाजूने मत दिलेलं, म्हणून एएफएल या कामगार महासंघाच्या टेक्सासमधल्या लोकांनी चिडून स्टीव्हन्सनला पाठिंबा दिला. जॉन्सनने हा मुद्दा असा काही उलटा फिरवला की विचारू नका : बघा, हा जुना रँचवाला युनियनच्या खिशात गेलाय, हिंमत असेल तर कायद्यावर भूमिका सांग! आणि स्टीव्हन्सन आपल्या सवयीप्रमाणे पाइप ओढत गप्प. आरोपाला उत्तर देणं त्याला कमीपणाचं वाटायचं. रेडिओ, पत्रकं, पैसा, सगळं जॉन्सनकडे, त्यामुळे पेडीवाले हळूहळू सरकले. जॉन्सनची बायको लेडी बर्ड पण फिरत होती, मतदानाच्या आदल्या दिवशी सभेला जाताना तिची गाडी उलटली तरी ती सभेला गेलीच.

पण सॅन अँटोनियोचा पश्चिम भाग आणि त्याखालचा मेक्सिको सीमेकडचा पट्टा, तिथली मतं प्रचाराने फिरली असं म्हणायला मोठं काळीज लागेल.

सीमेकडच्या पट्ट्यात काय होतं?

वतनदारी होती. डुवाल काउंटीचा जॉर्ज पार, "ड्यूक ऑफ डुवाल". बापाकडून गादी मिळालेली. बहुतेक मतदार गरीब मेक्सिकन वंशाचे, दवाखान्याचा खर्च, लग्न, मयत, नोकरी, सगळं पारकडून व्हायचं आणि बदल्यात मत त्याचं. केंद्रावर बंदूकवाले डेप्युटी उभे. पारला आयकराच्या केसमध्ये १९३० च्या दशकात जेल झालेली आणि १९४६ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी माफी दिलेली.

मजा म्हणजे हाच पार आधी स्टीव्हन्सनच्या बाजूने होता, गव्हर्नरच्या निवडणुकीत डुवालने स्टीव्हन्सनला अशीच एकगठ्ठा मतं दिलेली आणि तेव्हा स्टीव्हन्सनने काही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. पुढे लारेडोच्या सरकारी वकिलाच्या नेमणुकीवरून बिनसलं, पारच्या गोटाला हवा तो माणूस स्टीव्हन्सनने नेमला नाही, आणि पारने ते लक्षात ठेवलं. १९४८ च्या रनऑफमध्ये डुवालचा आकडा बघा : जॉन्सन साडेचार हजारांच्या वर, स्टीव्हन्सन ४०. चाळीस हजार नाही हो, नुसते चाळीस.

मतदान २८ ऑगस्टला झालं, मग निकाल इतका लांबला का?

कारण मोजणी सरकार करतच नव्हतं. प्रायमरी पक्षाची, त्यामुळे केंद्रावरचा इलेक्शन जज (म्हणजे केंद्राध्यक्ष) पक्षाचा, काउंटीची समिती पक्षाची, आणि राज्याचा एकत्र आकडा जो लोकांना कळायचा तो टेक्सास इलेक्शन ब्युरो नावाच्या, पेपरवाल्यांनी चालवलेल्या खाजगी यंत्रणेकडून. काउंट्यांमधून फोनवर आकडे यायचे. टायपो झाला, बेरीज चुकली, असं म्हणत आकडे दुरुस्त करायला आठवडाभर वाव होता आणि त्या आठवड्यात दोन्हीकडून आकडे दुरुस्त होत होते. शनिवारी मतदान, रविवारी कधी हा पुढे कधी तो, आणि गुरुवारी, म्हणजे २ सप्टेंबरला, स्टीव्हन्सन काहीशे मतांनी पुढे होता. लोकांनी धरून टाकलं की झाला हा सिनेटर.

आणि मग बॉक्स १३?

हां. शुक्रवार, ३ सप्टेंबर, मतदानाला सहा दिवस झालेत. डुवालला लागून जिम वेल्स काउंटी, तिथलं गाव ॲलिस, तिथलं १३ नंबरचं केंद्र, गावातल्या मेक्सिकन वस्तीतलं. तिथला इलेक्शन जज लुईस सालस, पारचा खास माणूस. मतदानाच्या दिवशी स्टीव्हन्सनचे पोलिंग एजंट होते तिथे, पण त्यांना लांब बसवलेलं, मतपत्रिका जवळून बघू दिल्याच नाहीत. त्या रात्री केंद्राचा आकडा सांगितला गेला : जॉन्सन ७६५, स्टीव्हन्सन ६०. हा आकडा काही जणांनी लिहून घेतला होता.

सहा दिवसांनी काउंटीची समिती अधिकृत बेरजेला बसली, तर कागदावर जॉन्सन ९६५. सात चा नऊ झालेला. इंग्रजी सात लिहून बघा आणि त्याला वरून एक गोल जोडा, एका सेकंदाचं काम आहे. स्टीव्हन्सनला पण दोन मतं वाढवून दिली, ६२, शिष्टाचार म्हणून असेल.

आता आकडा वाढला तर मतदारांची नावं पण वाढायला हवीत, कारण मत देणाऱ्या प्रत्येकाचं नाव क्रमाने यादीत लिहिलेलं असतं. तर ८४१ व्या नावापर्यंत यादी एका शाईत. त्याच्या पुढची दोनशेच्या वर नावं वेगळ्या शाईत, सगळी एकाच हस्ताक्षरात, आणि कहर म्हणजे बरीचशी इंग्रजी वर्णानुक्रमाने. म्हणजे मतदान बंद व्हायच्या वेळी दोनशे माणसं ए पासून रांग लावून आली आणि एकाच पेनाने, एकाच वळणात नाव लिहून गेली. निदान थोडी उलटीपालटी तरी करायची राव!

बोगस मतदान जगभर होतं, पण इतकं आळशी बोगस मतदान मी दुसरीकडे वाचलं नाही.

हे सगळं कळलं कसं? यादी कुणी बघितली?

स्टीव्हन्सन स्वतः ॲलिसला गेला. आणि बरोबर कोणाला घेऊन गेला, तर फ्रँक हेमरला. बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडीला १९३४ ला ज्याने गाठून मारलं तो टेक्सास रेंजर. ॲलिसच्या रस्त्यावर बँकेसमोर पारचे बंदूकवाले उभे होते, हेमर नुसता चालत पुढे गेला आणि त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, ते झाले. यादी बँकेच्या तिजोरीत होती आणि ज्याच्या ताब्यात होती तो बँकवाला पक्षाचाच पदाधिकारी. त्याने यादी थोडाच वेळ बघू दिली, नक्कल करायला लागले तर काढून घेतली. पण स्टीव्हन्सनच्या वकिलांमध्ये आधी एफबीआयमध्ये काम केलेले होते, त्यांनी काही नावं डोक्यात ठेवली आणि बाहेर येऊन कागदावर उतरवली. मग त्या लोकांच्या घरी गेले. कुणी म्हणाला मी त्या दिवशी गावातच नव्हतो, कुणी म्हणाला मी मत दिलंच नाही, आणि काही जण स्मशानात सापडले. ८४१ व्या नंबरच्या मतदाराने सांगितलं की मी अगदी शेवटी गेलो, माझ्यामागे कुणी नव्हतं.

इतका पुरावा असून काउंटीने आकडा दुरुस्त का नाही केला?

करणारच होते. जिम वेल्सच्या समितीत नवा अध्यक्ष आलेला, पारच्या विरोधातला. पण जॉन्सनचे वकील आधीच स्थानिक कोर्टात पोचले आणि समितीने आकडा बदलू नये असा मनाई हुकूम घेतला. हे लक्षात ठेवा, कारण तीन आठवड्यांनी जॉन्सनचीच बाजू वॉशिंग्टनमध्ये जाऊन सांगणार होती की निवडणुकीच्या वादात फेडरल (म्हणजे केंद्राच्या) कोर्टाने पडायचं नसतं.

पक्षाने काय केलं?

१३ सप्टेंबरला फोर्ट वर्थच्या ब्लॅकस्टोन हॉटेलात पक्षाच्या राज्य कार्यकारिणीची बैठक. उमेदवार कोण हे त्यांनी मंजूर करायचं. आरडाओरडा, शिव्या, सगळं झालं. मतं २८-२८ वर अडकली आणि तेवढ्यात अमारिलोचा चार्ली गिब्सन नावाचा सदस्य दारातून आत आला आणि जॉन्सनच्या बाजूने मत दिलं. २९-२८. दहा लाख मतांची निवडणूक ८७ मतांवर आली आणि ८७ मतं एका माणसावर.

कोर्टात काय झालं ते नीट सांगा, कायम गोंधळ होतो.

स्टीव्हन्सन फेडरल न्यायाधीश व्हिटफील्ड डेव्हिडसनकडे गेला. त्याने स्टे दिला, म्हणजे जॉन्सनचं नाव नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर छापायचं नाही. २१ सप्टेंबरला सुनावणी. डेव्हिडसनने सुचवलं की दोघांचीही नावं मतपत्रिकेवर टाका, जनता ठरवेल. स्टीव्हन्सन हो म्हणाला, जॉन्सन नाही म्हणाला. (तुम्हीच विचार करा का ते.) मग डेव्हिडसनने आपली माणसं नेमून जिम वेल्स, डुवाल आणि झपाटा या काउंट्यांच्या पेट्या उघडून तपासायचा आदेश दिला.

आता जॉन्सनची अडचण वेळेची. मतपत्रिका ऑक्टोबरच्या सुरुवातीला छापायला जाणार, त्यात नाव नसेल तर केस जिंकूनही उपयोग शून्य. त्याच्या वकिलांनी, एब फोर्टास हा त्यांचा म्होरक्या, डाव असा टाकला की आधी वरच्या सर्किट कोर्टाच्या एका न्यायाधीशाकडे पटकन जाऊन पटकन हरायचं, म्हणजे सरळ सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तीकडे जायचा रस्ता मोकळा. हरण्यासाठी अर्ज! आणि झालं पण तसंच. त्या भागाचे अर्ज ऐकणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक, त्यांनी २८ सप्टेंबरला ऐकून घेतलं आणि सांगितलं की राज्याच्या निवडणुकीत असं मध्ये पडायचा फेडरल न्यायाधीशाला अधिकार नाही. डेव्हिडसनचा स्टे उडाला, नाव छापलं गेलं.

घोटाळा झाला की नाही यावर कुठल्याच वरच्या कोर्टाने निवाडा दिलेला नाही. मुद्दा एवढाच होता की विचारायचा अधिकार कुणाचा, आणि तो कुणाचा हे ठरेपर्यंत तारीख निघून जाते. माझ्या मते बॉक्स १३ पेक्षा हा आठवडा जास्त महत्त्वाचा आहे. बॉक्स १३ सारख्या पेट्या तेव्हा त्या पट्ट्यात बऱ्याच निवडणुकांत निघाल्या असतील, पण फोर्टाससारखा वकील सगळ्यांकडे नव्हता. जॉन्सनने त्याला पुढे १९६५ ला सुप्रीम कोर्टाचा न्यायमूर्ती केलं.

मग त्या पेट्या उघडल्याच नाहीत?

उघडायला सुरुवात झाली होती. ॲलिसच्या कोर्टात डेव्हिडसनचा माणूस बसलेला, साक्षी चाललेल्या, साक्षीदार एकेक करून गायब, यादीबद्दल सालस म्हणतो माझ्याकडे नाही, हरवली. पेट्या उघडता उघडताच ब्लॅक यांच्या हुकमाची बातमी आली आणि काम तिथेच थांबलं. ती यादी परत कुणाला दिसली नाही.

नोव्हेंबरमध्ये?

जॉन्सन आरामात. रिपब्लिकन जॅक पोर्टरला दुपटीच्या फरकाने हरवलं, साधारण सात लाख विरुद्ध साडेतीन लाख. चिडलेल्या स्टीव्हन्सनने पोर्टरला पाठिंबा दिलेला, काही फरक पडला नाही. ३ जानेवारी १९४९ ला शपथ.

घोटाळा सिद्ध झाला का शेवटी?

कोर्टात नाही. पण १९७७ ला, जॉन्सन आणि पार दोघंही वारल्यानंतर, म्हाताऱ्या सालसने एका वृत्तसंस्थेच्या पत्रकाराला कबुली दिली की मतं घातली गेली, मी इलेक्शन जज म्हणून ती प्रमाणित केली. जॉन्सन स्वतः पारसमोर बसून मतं मागत होता असंही तो म्हणाला, त्यावर मात्र इतिहासकारांचं एकमत नाही, पुष्कळांना वाटतं की जॉन्सनला स्वतः तिथे जायची गरजच नव्हती, फोन आणि मधली माणसं होती. मतं बोगस होती यावर आता फारसं कुणी भांडत नाही.

स्टीव्हन्सनच्या बाजूने काहीच लफडी नव्हती?

होती की. पूर्व टेक्सासच्या काही काउंट्यांमधून त्याच्या बाजूनेही आकडे संशयास्पद वाढले असं काही इतिहासकार म्हणतात, आणि डुवालची जुनी एकगठ्ठा मतं वर सांगितलीच. त्यामुळे प्रामाणिक मोजणीत कोण जिंकला असता ते छातीठोक कुणी सांगत असेल तर सोडून द्या. फक्त बॉक्स १३ ची दोनशे मतं काढली तर ८७ चा लीड जातो, एवढं गणित पक्कं.

जॉन्सनला लाज वगैरे वाटली का?

कसली. "लँडस्लाइड लिंडन" असं टोपणनाव पडलं, म्हणजे प्रचंड बहुमतवाला लिंडन, तर तो स्वतःच ते सांगून हसायचा. राष्ट्राध्यक्ष असताना एका पत्रकाराला त्याने आपल्याकडचा फोटो काढून दाखवला : पाच माणसं गाडीभोवती ऐटीत उभी आणि बॉनेटवर मतपेटी, पेटीवर १३. कोण, कधी, कुठे, विचारल्यावर नुसता हसला.

आणि त्या काळी टेक्सासमध्ये फिरणारा जोक, हा तोही सांगायचा म्हणतात : छोटा मुलगा फुटपाथवर बसून रडतोय. का रे बाबा? माझे वडील शनिवारी गावात आले होते आणि मला न भेटताच गेले. अरे पण तुझे वडील तर दहा वर्षांपूर्वी वारले ना? हो ना, जॉन्सनला मत द्यायला आले होते, मला भेटले नाहीत.

हाच ना तो ज्याने काळ्या लोकांना मताचा हक्क दिला?

हाच. ६ ऑगस्ट १९६५ ला व्होटिंग राइट्स ॲक्टवर सही. त्याआधी १९६४ ला, तोच राष्ट्राध्यक्ष असताना, चोविसावी घटनादुरुस्ती लागू होऊन फेडरल निवडणुकांतला पोल टॅक्स गेला, म्हणजे पारसारख्यांचा पावत्यांचा धंदा निदान त्या निवडणुकांपुरता बसला. म्हणून त्याचं १९४८ माफ करायचं का, यावर तिकडचे लोक अजून भांडतात. मला विचाराल तर दोन्ही खाती वेगळी ठेवावीत, एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती करू नये. पण स्टीव्हन्सन सिनेटर झाला असता तर त्याने १९६५ च्या कायद्याला मत दिलं असतं असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

पार आणि स्टीव्हन्सनचं पुढे काय झालं?

पार नंतर पुन्हा खटल्यांत अडकला, परत तुरुंगात जायची वेळ आली तेव्हा १ एप्रिल १९७५ ला त्याने स्वतःला गोळी मारून घेतली. स्टीव्हन्सन रँचवर परत गेला, पुन्हा कधी उभा राहिला नाही, १९५४ ला दुसरं लग्न केलं आणि जून १९७५ मध्ये गेला. जॉन्सन दोघांच्याही आधी, जानेवारी १९७३ ला.

आपल्याकडे आज असं करता येईल का?

हे तसंच्या तसं अवघड आहे. मतदान संपलं की केंद्राध्यक्षाला फॉर्म १७सी मध्ये एकूण किती मतं पडली ते लिहून सही करून प्रत्येक पोलिंग एजंटला प्रत द्यावी लागते, म्हणजे सहा दिवसांनी गुपचूप दोनशे मतदार वाढवायचे तर सगळ्यांच्या खिशातले कागद बदलावे लागतील. म्हणून एजंट म्हणून बसणाऱ्या पोरांना माझं कायम सांगणं असतं की वडापाव नंतर खा, आधी १७सी घे. कोर्टाचं मात्र आपल्याकडेही जवळपास ब्लॅकसारखंच आहे. घटनेच्या कलम ३२९(ब) प्रमाणे निवडणूक चालू असताना कोर्ट मध्ये पडत नाही, निकाल लागल्यावर ४५ दिवसांत हायकोर्टात निवडणूक याचिका करायची. फरक इतकाच की इथे नंतर का होईना, पुरावा तपासून निवड रद्द करायचा अधिकार हायकोर्टाला आहे. वेळ किती लागतो ते सोडा.

ती सीट आता कुणाकडे गेली?

१९६० ला जॉन्सन उपराष्ट्राध्यक्ष पदाला पण उभा राहिला आणि सिनेटला पण, खास त्याच्यासाठी टेक्सासने कायदा बदलून घेतला. दोन्ही जिंकला, सिनेट सोडली. १९६१ च्या पोटनिवडणुकीत तब्बल ७१ उमेदवार उभे राहिले आणि रनऑफमध्ये जॉन टॉवर नावाचा रिपब्लिकन निवडून आला, यादवी युद्धानंतरच्या काळापासून टेक्सासचा पहिला रिपब्लिकन सिनेटर. त्याच्यामागे फिल ग्रॅम, मग २००२ च्या निवडणुकीत जॉन कॉर्निन, दोघंही रिपब्लिकन. डेमोक्रॅटांना ती सीट त्यानंतर परत मिळालेली नाही.